नेरिदाची बरणी

आमच्या गावात गवत उगवत नाही.
तांब्याच्या भट्टीने कधीकाळी धूर सोडला, डोंगर भादरले,
पावसाने उरलीसुरली माती नेली,
आणि टास्मानियाच्या या पश्चिम टोकाला
आम्ही फुटबॉल खेळतो तो खडीवर.
पाहुणा संघ बसमधून उतरतो, मैदान बघतो,
गुपचूप मोजे वर ओढतो.

शनिवारी सामना संपला की नेरिदा कोव्हर्डेल
कपडे बदलायच्या खोलीत उलट्या बादलीवर बसायची.
मांडीवर टॉवेल, शेजारी डेटॉलचं घमेलं, हातात चिमटा.
"पुढचा गुडघा," म्हणायची. माणसाचं नाव नाही, गुडघा.
आधी जिभेवर लिमलेटची गोळी:
"शिव्या दे हव्या तेवढ्या, पाय हलवू नकोस."
काढलेला खडा कॉफीच्या बरणीत.
टण्.
का, ते कुणी विचारलं नाही.

मंगळवारी तीच नेरिदा नगरपरिषदेत.
अंदाजपत्रकावर लाकडी पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचायची,
पट्टी थांबली की इंजिनिअरच्या घशाला कोरड.
कुठला दिवा गेलाय, कुठल्या म्हातारीला डबा पोचला नाही,
गटाराचं झाकण कुठल्या हिवाळ्यापासून हरवलंय,
खडान् खडा माहिती.

मग ते वर्ष आलं, खाण बंद व्हायच्या आधीचं.
सरकारकडून पैसे आले, एकाच कामापुरते:
मैदानाला हिरवळ, नाहीतर गावाला रुग्णवाहिका.
चार हात इकडे, चार तिकडे. नववा नेरिदाचा.
तो वर गेला तेव्हा बाहीला डेटॉलचा वास होता म्हणे.
हिरवळ गेली.

बाईने दुधात मिठाचा खडा टाकला, क्लबात कुणी म्हणालं.
मग सगळेच तिच्या नावाने खडे फोडत बसलो,
तिनेच निवडून दिलेल्या गुडघ्यांनिशी.
निवडणुकीत अकरा मतांनी पडली.

त्या अकरांतला एक मी.
एकोणीस वर्षांचा. स्वप्नात हिरवळ दिसायची,
टीव्हीवर मेलबर्नची दिसते तशी.
हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

निकालानंतरच्या शनिवारी ती येईल असं
आमच्यात कुणालाच वाटत नव्हतं.
आली. बादली उलटी केली. "पुढचा गुडघा."
पुढचा माझा होता.
बराच वेळ बघत राहिली. गोळी दिली, मग अजून एक.
"एक आत राहील. खोल आहे.
थंडीत दुखेल. मरणार नाहीस."

रुग्णवाहिका? निम्म्या वेळा सुरूच व्हायची नाही.
उरलेल्या वेळी नेरिदाच चालवायची,
रात्री, घाटातल्या वळणांवरून,
एका पायात बूट, दुसऱ्यात सपाता.
एकदा तर तिला पाडणारा उमेदवारच मागे,
मूतखड्याने कळवळत.
"थांबू का कुठे हिरवळीवर?" तिने विचारलं होतं.
हे तोच सांगायचा, हसून, दर नाताळाला.

काल तिला पुरलं. महापौर बोलले, जरा लांबलंच.
आम्ही जुने खेळाडू दोन रांगांत उभे,
गुडघे ठणकत होते, कुणी बसलं नाही.

तिच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.
आत पट्टी, चिमटा, विरघळून चिकटलेल्या तीन गोळ्या,
आणि बरण्या. एक नाही, सात.
याचं काय करायचं, मी कमिटीला विचारलं.
कुणी म्हणालं संग्रहालय, कुणी म्हणालं कबर.
म्हातारा ऑस्मंड म्हणाला, मैदानात ओता,
तिथलेच आहेत.

अजून ठरलेलं नाही.
या शनिवारी सामना आहे, पाऊस सांगितलाय.
बादली जागेवर आहे. चिमटा मी उकळून घेतलाय.
हात थरथरतो माझा.
पोरांना आधीच सांगायला हवं.